जमुनाबाईचा डबा

जमुनाबाईशी ज्याचं अजून भांडण झालेलं नाही, असा माणूस अकोल्याच्या त्या गल्लीत एक तर नवा भाडेकरू असायचा, नाहीतर ठार बहिरा. भाजीबाजारात तिची जागा ठरलेली होती आणि शेजारच्या बायांनी आपल्या टोपल्या तिच्यापासून हातभर लांब सरकवून ठेवलेल्या असायच्या. एखाद्या गिऱ्हाइकानं सांबाराची, म्हणजे पुण्यामुंबईकडच्या कोथिंबिरीची, जुडी उचलून उलटीपालटी केली की ती म्हणायची, "काय पाहून राहिले भाऊ? सोयरीक करायची हाय का तिच्याशी?" माणूस ओशाळून जुडी पिशवीत टाकायचा. पण घरी गेल्यावर त्या जुडीत एक पिवळं पान सापडायचं नाही. तेवढ्यासाठी लोक तिचं तोंड सहन करत.

त्या तोंडाला कारण होतं. तिला बाळापूरला दिली होती. तिथं भाकरीची कड जरा तडकलेली दिसली की सासरा ताट सरकवायचा आणि सासू ती भाकर उचलून शेजारपाजारी दाखवून आणायची, "पाहा, नत्थुजी माळ्याच्या लेकीची कारागिरी!" भाकर घरोघर हिंडून यायची आणि तोवर जमुना चुलीपुढं मान खाली घालून बसायची. दुसऱ्याच वर्षी ती नेसत्या साडीनिशी अकोल्याला निघून आली, ती परत गेली नाही. नत्थुजीनं लेकीला एका शब्दानं विचारलं नाही. मरण्याआधी अर्धं घर तिच्या नावावर करून मात्र ठेवलं.

उरलेल्या अर्ध्यात आता तिचा धाकटा भाऊ गजेंद्र, त्याची बायको गीतांजली आणि त्यांची एकुलती एक पोरगी आचल राहत होती. गजेंद्र अमरावतीजवळ नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात कामाला. शनिवारी यायचा, रविवारी झोपायचा, सोमवारी तोंड न धुता पळायचा. घरातल्या दोन बायांच्या मधे पडायचं नाही, एवढं शहाणपण त्याला लग्नानंतर लगेच आलं होतं.

बाळापूर सोडल्यापासून जमुनाबाईनं एकच गोष्ट मनाशी धरली होती. आपल्या हातचं काहीही घेऊन पुन्हा कोणी गल्लीत दाखवत हिंडायला नको. आणि ह्या हट्टाचा कळस म्हणजे भुलाबाईचा डबा.

भाद्रपदाची पुनव झाली की गल्लीत घरोघर भुलाबाई बसते. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन पाळीपाळीनं घरोघर फिरतात, फेर धरून गाणी म्हणतात. गाणी संपली की खरा खेळ. घरची बाई झाकण लावलेला डबा आणते, कानाशी वाजवून दाखवते, आणि आत प्रसादाचं काय आहे ते पोरींनी ओळखायचं. ओळखेपर्यंत घास नाही. पोरी तोंडाला येईल ते ओरडत सुटतात. पोरी जितक्या चुकतील तितका त्या घरच्या बाईचा मान मोठा. शेवटी "हरलो, हरलो" म्हणून पोरी हात जोडतात तेव्हा ती राणीसारखं झाकण काढते. आणि पहिल्या फटक्यात ओळखलं गेलं, तर दुसऱ्या दिवशी ती बाई नळावर उशिरा येते.

जमुनाबाईच्या डब्यापुढं पोरींच्या आयाही त्यांच्या लहानपणी हरल्या होत्या. ती डब्यात फडकं कोंबते, म्हणून आवाज येत नाही, असं गल्लीत बोललं जायचं. पण हे तिच्या तोंडावर बोलायची छाती एकट्या समोरच्या लीलाबाईची होती.

यंदा ह्या खेळात आचल उतरली. दहा वर्षांची, पाचवीतली, वेणीचा केसही इकडचा तिकडं न होऊ देणारी. बाकीच्या पोरी "पोहे! शिरा! चिवडा!" करून घसा फोडत असताना ही ओठ मिटून उभी राहायची. सगळ्या हरल्या की पुढं यायची आणि एकच सांगायची, "राजगिऱ्याची खीर." झाकण उघडलं की राजगिऱ्याची खीर. दुसऱ्या घरी, "भगरीचे वडे." उघडलं की भगरीचे वडे. सुरुवातीला टाळ्या पडल्या. मग बायांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. गीतांजलीनं मात्र लेकीचा फोटो मोबाइलवर सगळ्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, 'माझी आचल कधीच चुकत नाही.'

जमुनाबाईनं तो फोटो पाहिला तेव्हा ती सांबार निवडत होती.

"हे काय लिहून राहिली वं तू?"

गीतांजली अमरावतीची, शिकवण्या घेणारी. तिची भाषा इस्त्री केलेली. "का? खोटं आहे का ताई?"

"चुकत नाही म्हंजे? लेकरू हाय का घड्याळ?"

"घड्याळसुद्धा मागं पडतं. आमची आचल नाही."

"मंग एका दिवशी पडन ना मागं, तवा काय करशीन?"

"तुम्हाला बघवत नाही, एवढं सरळ म्हणा की."

जमुनाबाईला खरंच बघवत नव्हतं, पण वेगळंच काही. चित्र काढताना रंग रेषेबाहेर गेला की आचल कागदाचा चुरा करायची. अक्षर वाकडं गेलं की अख्खं पान फाडायची. आणि गणित चुकलं की स्वतःच्या मनगटाला चावायची. त्या मनगटावर दातांचे वळ उठलेले असायचे. गीतांजलीनं त्यावर औषध काढलं होतं. लेकीला ती पूर्ण बाह्यांचेच फ्रॉक शिवायची.

लीलाबाईच्या घरची पाळी आली, त्या दुपारी लीलाबाईनं स्वयंपाकघराची खिडकी मुद्दाम सताड उघडी टाकली आणि खिडकीकडं पाठ करून साबुदाण्याची खिचडी परतायला घेतली. मागच्या बोळात बादली पालथी घातल्याचा आवाज आला. लीलाबाईनं मान वळवली नाही. उलट कढई जराशी तिरकी केली, खिडकीतून नीट दिसावी म्हणून. थोड्या वेळानं बादली सरळ झाल्याचा आवाज आला. मग तिनं ती खिचडी घरच्या माणसांना वाढून टाकली आणि डब्यात भरल्या उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा.

संध्याकाळी गाणी संपली. अंगणात बाया उभ्या होत्या, जमुनाबाईही होती. लीलाबाईनं डबा हलवला. खडखड, खडखड. शेंबड्या पोरालाही कळावं असा आवाज.

"आज पयले आचल सांगन," लीलाबाई गोड हसली. "तिले सारंच माईत असते."

आचलनं कान दिला. तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली. कानाला काही वेगळंच ऐकू येत होतं, पण तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती पुढं आली आणि ठामपणे म्हणाली, "साबुदाण्याची खिचडी."

लीलाबाईची नात नीलम फिस्सकन हसली. "खिचडी खडखड वाजते का वं?"

लीलाबाईनं झाकण काढून शेंगा सगळ्यांना दाखवल्या. "खिडकीतून तं खिचडीच दिसली ना तुले? ते बादली घसरली असती तं टोंगळे फुटले असते माय."

बायांना आता मागच्या सगळ्या खिरी आणि वडे आठवले. पोरींना आठवायलाही वेळ लागला नाही. "चोट्टी! चोट्टी!" सगळ्यांनी टिपऱ्यांच्या तालावर ओरडायला सुरुवात केली, आणि त्या तालाला भुलाबाईच्या गाण्यापेक्षा जास्त जोर होता. आचलनं बाही वर सरकवून मनगट दातात धरलं. मग दुसऱ्या हातातली टिपरी भिरकावली. ती नीलमच्या कपाळावर बसली.

नातीच्या कपाळावर टेंगूळ उगवलं आणि लीलाबाई जमुनाबाईच्या दारात.

"तुह्या पोट्टीनं माह्या नातीचं कपाळ फोडलं!"

"अन् तू माह्या भाचीले खिडकी उघडून सापळ्यात धरलं. दहा वर्षाच्या लेकराले फसवाले लाज नाही वाटली?"

"दहा वर्षाचं लेकरू दुसऱ्याच्या चुलीत डोकावते, तुले वाटली का? अन् तू कोन वं बोलणारी? तुह्या डब्यात फडकं असते, हे सारी गल्ली जाणते!"

"फडकं? माह्या डब्यात? थांब, तुह्या तोंडात कोंबतो फडकं!"

पुढं भांडण फडक्यावरच चाललं. पोरगी, टिपरी, टेंगूळ, सगळं बाजूला पडलं. दोघी घसे बसेपर्यंत भांडल्या आणि दमून आपापल्या घरात गेल्या.

आत आचल दिवाणाखाली जाऊन बसली होती. जेवायला आली नाही. सकाळी शाळेत गेली नाही, कारण नीलम तिच्याच वर्गात. दुसऱ्या दिवशीही नाही. आणखी वाईट म्हणजे ती बोलेनाशी झाली. पोळी खातेस की भात, एवढं विचारलं तरी आईच्या तोंडाकडं पाहत राहायची, जणू ह्यालाही एकच बरोबर उत्तर आहे आणि ते तिला माहीत नाही.

गीतांजलीनं बॅग काढली. "मी हिला अमरावतीला आईकडे घेऊन जाते. कोजागिरी होईपर्यंत. ही असली गावंढळ माणसं, हा गावंढळ खेळ!"

"चूक पोरीनं केली, अन् तोंड तू लपवून राहिली."

"चूक? तिला त्या म्हातारीनं फसवलं!"

"हाव, फसवलं. पण खिडकीत कोन गेलं होतं? तू शिकवलं तिले, चुकायचंच नाही. मंग ते खिडकीत नाही जाईन तं कुठी जाईन?"

"आणि तुम्ही काय शिकवलंत?" गीतांजलीनं बॅगेची चेन खस्सकन ओढली. "ह्या घरचा डबा आजवर कोणी ओळखला नाही, असं रोज तिला कोण सांगतं? तुम्हाला तरी कुठं हरता येतं ताई? फडक्याचं नाव काढलं तर तुम्ही गल्ली डोक्यावर घेता!"

जमुनाबाई फणफणत दिवाणाशी गेली आणि खाली वाकली.

"बाहेर ये."

दिवाणाखालचे पाय आणखी आत ओढले गेले.

"लीलाबाईले शिव्या घालायच्या असतीन तं घाल. मी हाय संग. पण बाहेर ये."

"त्यांनी मला फसवलं," आतून आवाज आला. दोन दिवसांतलं ते पहिलं वाक्य.

"तू फसवत होती, तिनं फसवलं. फिटंफाट."

"मी फसवत नव्हते! मी फक्त पक्कं करत होते."

"चोरून?"

"मग काय चुकायचं?"

"हाव. बाकीच्या पोट्ट्या चुकतेत. मरून राहिल्या का?"

"तुम्ही चुकता का आत्या?"

जमुनाबाई सरळ झाली. तिची कंबर दुखत होती, म्हणून सरळ झाली, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग चपला घालून तरातरा समोरच्या घरी गेली.

लीलाबाई ओसरीवर नीलमच्या टेंगळाला हळद लावत होती. जमुनाबाई पायरीवरच थांबली.

"परवा आमच्या घरची पाळी हाय."

"पोरी येत नाही म्हंतेत. चोट्टीच्या घरी कोन जाईन?"

"डबा माह्यावाला नाही. आचलचा हाय. करन तेच, भरन तेच, वाजवन तेच."

लीलाबाईचं हळदीचं बोट हवेतच राहिलं. "म्हंजे ओळखला तं..."

"तं माह्या घरचा डबा पयल्यांदा फुटला, हे तू साऱ्या अकोल्यात बोंबलत फिर. येतं का नाही, तेवढं बोल."

"आजी, जाऊ ना!" नीलम टुणकन उठली. "मी फोडतो तिचा डबा!"

"येतो," लीलाबाई म्हणाली. "सारी गल्ली घेऊन येतो."

हे ऐकून आचल दिवाणाखालून बाहेर आली, पण ती भांडायलाच. "मला न विचारता? मला नाही करायचं! ओळखला तर?"

"ओळखतीन तं ओळखतीन."

"तुमचा कधीच ओळखला नाही कोणी! माझा ओळखला तर सगळे म्हणतील..."

"म्हणतीन. मंग करू नको. जा अमरावतीले, आजीच्या पदरात बस."

आचलनं तिच्याकडं असं पाहिलं की बाजारातल्या एखाद्या बाईनं टोपली आणखी हातभर सरकवली असती. पण ती दिवाणाखाली परत गेली नाही. संध्याकाळभर विचार करत बसली. शिरा नको, तो कोणीही ओळखेल. चिवडा वाजतो. शंकरपाळे सगळ्यांना आवडतात, म्हणून सगळ्यांना आधी तेच आठवतात. शेवटी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "सरगुंडे."

जमुनाबाईनं चकित होऊन वर पाहिलं. सरगुंडे म्हणजे कणकेची बारीक पट्टी काडीवर वेढून केलेल्या पोकळ नळ्या. उन्हात वाळवायच्या, मग उकडून खायच्या. वऱ्हाडात ते उन्हाळ्यातलं, लग्नसराईतलं, आमरसासोबतचं खाणं. आश्विनात सरगुंडे कोणाच्या स्वप्नातही येणार नाहीत. डोकं पोरीचं, पण त्यात जमुनाबाईला स्वतःचंच डोकं दिसलं आणि ते तिला फारसं आवडलं नाही.

सकाळी आचल गच्चीवर परात घेऊन बसली. जमुनाबाईनं तिला एकदा करून दाखवलं, "पट्टी अशी वेढायची, मंग काडी फिरवत काढायची," आणि बाजूला बसून घेतलं. पहिला सरगुंडा काडीला चिकटून बसला. दुसरा फाटला. तिसरा निघाला, पण एका बाजूनं फुगीर. आचलनं तो चुरगाळून परत गोळ्यात टाकला. चौथाही. पुढचाही. ऊन चढत गेलं, कणीक सुकत गेली, आणि ताटलीत एकही सरगुंडा नव्हता.

"मोडू नको आता," जमुनाबाई म्हणाली.

"वाकडा आहे तो."

"वाकडा हाय तं वाकडा शिजंन. पोटात जाऊन कोनता सरळ राहते?"

"तुम्ही केलेला सरळ होता!"

"माह्या हातानं जेवढे केले तेवढे तुह्या डोक्यावर केस नाहीत. सासरी पयल्या टायमाले माह्यावाले तं कुत्र्यानंबी सुंगून सोडले."

"खोटं!"

"ठेव तो ताटलीत."

"नाही!" आचलनं पुढचाही चुरगाळला. काडी कडकन मोडली. तिनं बाही वर केली आणि मनगट तोंडाकडं नेलं. तेवढ्यात जमुनाबाईनं आपला हात मधे घातला.

"चावायचं ना? माह्यावाला चाव. तुह्यावाल्यात आता जागा कुठी उरली?"

आचल चावली. खरोखर, दाढा रोवून चावली.

"ओ माय वं!" जमुनाबाई अशी किंचाळली की शेजारच्या गच्चीवर मैनाबाई मिरच्या वाळत घालायची थांबून कठड्याशी आली. "माणसाचे दात हाय का कुत्रीचे! बह्याड पोट्टी!"

आचल घाबरून मागं सरकली. "मला वाटलं तुम्ही हात काढून घ्याल!"

"मलेबी वाटलं तू चावणार नाही!" जमुनाबाई हात झटकत होती. मनगटाला दातांची पूर्ण महिरप उठली होती. "चुकलो. झालं? इचारत होती ना, तुम्ही चुकता का म्हणून? हे पाह्य, चुकलो. कशी दिसते चूक, पाहून घे नीट."

आचलनं नीट पाहिलं. मग तिच्या तोंडातून एक चमत्कारिक आवाज निघाला. तो रडण्याचा की हसण्याचा, हे मैनाबाईला कठड्यावरून कळलं नाही.

"दुसरी काडी घे," जमुनाबाई मनगट चोळत गुरकावली, "अन् आता एक जरी मोडला तं मी चावतो तुले."

दुपारपर्यंत ताटली भरली. लांब, आखूड, फुगीर, चपटे, काही तर काय आहेत तेच कळू नये असे. आचल मधूनच एखाद्याकडं हात न्यायची. जमुनाबाई नुसते दात दाखवायची. हात परत यायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लीलाबाई शब्दाला जागली. अंगण भरलं. पोरींनी गाणी उरकली, म्हटली असं म्हणताच येणार नाही. सगळ्यांचं लक्ष डब्यावर. गीतांजली दाराच्या चौकटीला धरून उभी होती, मोबाइल हातात, पण स्क्रीन काळी. आचलनं डबा उचलला आणि हलवला. आतून ओलसर, जड, धप्प असा आवाज आला.

"फडकं हाय!" लीलाबाई म्हणाली. बाया हसल्या. जमुनाबाईनं दातओठ खाल्ले.

"शिरा!" एक पोरगी ओरडली.

"नाही," आचल म्हणाली. आवाज कापरा होता.

"सांज्याची पोळी!"

"नाही."

"उकडपेंडी! घुगऱ्या! लापशी!"

"नाही. नाही. नाही!"

प्रत्येक 'नाही'बरोबर तिची हनुवटी थोडी वर येत होती. पोरी चुकत होत्या, एकमेकींवर खेकसत होत्या, "गप ना, आधीच सांगितलं ते!" म्हणून ढकलत होत्या, आणि पुन्हा ओरडत होत्या. चुकल्यावर कोणी मरत नव्हतं. आचल डब्याच्या ह्या बाजूनं ते पाहत होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्याशी काहीतरी हललं. जमुनाबाईनं ते ओळखलं. डब्यामागं उभी असताना तिचं स्वतःचं तोंड असंच व्हायचं.

"हरलो म्हणा," जमुनाबाई पोरींना म्हणाली. घाईच झाली होती तिला.

"नाही म्हणत!" नीलम पुढं आली. कपाळावर हळद, डोळ्यात खुन्नस. तिला आतलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. सुचेल ते ती दगडासारखं फेकत सुटली. "बुंदी! जिलबी! मठ्ठा!"

"मठ्ठा डब्यात असते का, येडे?" कोणीतरी म्हणालं.

"असू दे! पापड! कुरडई! बिबड्या! सरगुंडे! शेवया! लोणचं!"

शब्द आला आणि बाकीच्या शब्दांत बुडून गेला. कोणाच्याच लक्षात आलं नाही. नीलमच्याही नाही. ती श्वास घेऊन पुढचं नाव शोधत होती.

आचलच्या हातातला डबा मात्र थांबला. तिनं जमुनाबाईकडं पाहिलं.

आणि जमुनाबाईची मान हलली. अगदी थोडी, डावीकडून उजवीकडं. नाही म्हण. एक शब्द, नाही म्हण, आणि ह्या घरचा डबा कोणी ओळखला नाही ते नाहीच. तिनं ठरवून केलं नव्हतं. मान आपली आपणच हलली.

आचलचे डोळे आत्याच्या मानेवर क्षणभर टेकले. मग तिनं डबा खाली ठेवला.

"हाव," ती म्हणाली.

"काय हाव?"

"नीलमनं सांगितलं. सरगुंडे. बरोबर आहे."

आधी कोणाला कळेना. मग नीलमनं एवढी मोठी किंकाळी फोडली की मखराची धांडी हलली. "मी फोडला! मी फोडला!"

"फुटला वं, फुटला!" लीलाबाईनं दोन्ही हात वर केले. "जमुनाबाईचा डबा फुटला! ऐका हो सारे!"

झाकण निघालं. गूळ आणि तुपात वाकडेतिकडे सरगुंडे एकमेकांना मिठ्या मारून पडले होते. एक पोरगी नाक मुरडून म्हणाली, "हे गांडुळं हाय का?"

"वाकडे आहेत," आचल म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, डोळ्यांत पाणी होतं, पण बाही खालीच होती. "मीच केले. खायचे तर खा, नाहीतर ठेव."

पोरींनी खाल्ले. काहींनी तोंडं वाकडी करून, काहींनी दुसऱ्यांदा हात पुढं करून. नीलमनं जिंकल्याच्या मस्तीत सगळ्यांपेक्षा जास्त खाल्ले.

गीतांजली जमुनाबाईच्या शेजारी आली. आवाज खाली होता, पण धार तीच. "ताई, तिनं हो का म्हटलं? कोणाला कळलंही नसतं."

"मले काय इचारते? मी तं तिले नाही म्हण म्हटलं."

"काय?"

"मान हलवली मी. पाह्यलं तिनं."

गीतांजली तिच्याकडं बघत राहिली. आता मोठं काहीतरी येणार म्हणून जमुनाबाईनं छाती पुढं काढली. पण गीतांजली एवढंच म्हणाली, "मीपण. इथं दारात उभी राहून."

मग जमुनाबाई म्हणाली, "तुह्या त्या मोबाइलवर टाक आता, कधीच चुकत नाही म्हणून." आणि गीतांजली म्हणाली, "तुम्ही आधी लीलाबाईंचं तोंड बंद करा." दोघींनाही हायसं वाटलं.

पोरी शेजारच्या मैनाबाईच्या घरी निघाल्या. आचल पायरीवर उभी होती. फाटकाशी नीलम थांबली.

"ये न वं चोट्टी. का ओळखाले लाजते?"

"चोट्टी म्हणायचं नाही, टेंगळे!"

"मंग पाय उचल ना!"

आचलनं चप्पल शोधली नाही. तशीच अनवाणी फाटकातून बाहेर पडली.

बाया पांगल्या. लीलाबाई मात्र फाटकाला टेकून उभीच राहिली. विजय तिला उभ्यानंच पचवायचा होता. मैनाबाईच्या अंगणातून टिपऱ्यांचा आवाज आला, मग थांबला. डबा हलला. आणि सगळ्यांच्या आधी एक आवाज फुटला, चिरका, घाईचा, कशाचीच खात्री नसलेला.

"हुरडा!"

तिकडं हशा उसळला. "नाही!" मैनाबाई ओरडली.

"मग... पाणीपुरी!"

"नाही वं माय!"

लीलाबाईनं पदराआड हसत जमुनाबाईला कोपरानं ढोसलं. "ऐकलं का? तुह्यी भाची हुरडा म्हंते. आश्विनात हुरडा! अजून कणसं भरली नाहीत वावरात."

"म्हणू दे," जमुनाबाई म्हणाली. "तुह्या बापाच्या वावरातला हाय का?"

आणि पुढचं ऐकू यावं म्हणून तिनं लीलाबाईला फाटकावरून बाजूला सारलं.